पहिल्या दोन बादल्या

आमचे हे माणसं पायांवरून ओळखतात. थट्टा नाही, खरंच. बावीस वर्षं रस्त्यातल्या लोखंडी झाकणावर वाकून चावी फिरवणाऱ्या माणसाला दुसरं दिसणार तरी काय? समोर कोणी उभं राहिलं की आधी चपला, मग घोटे, आणि मान वर व्हायच्या आत यांनी हाक मारलेली असते. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी किती नटून गेले होते! यांना आठवतं काय, तर माझ्या डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता. कपाळाला हात लावला मी.

हे पाणीखात्यात चावीवाले. आमच्या भागाचं सगळं पाणी चौकातल्या दोन व्हॉल्व्हवर चालतं. एकाचं पाणी उतारानं खालच्या आळीत जातं, तिथे साठ घरं. दुसऱ्याचं चढावर वरच्या आळीत येतं, तिथे चौदा घरं, आणि चौदावं आमचं. म्हणजे चावीवाल्याचं घर पाण्याच्या शेपटाला! लोक हसायचे. मी पण सुरुवातीला हसत होते, पुढे पुढे चिडायला लागले.

ती चावी माझ्या छातीएवढी उंच आहे. वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. झाकण उचलायचं, चावी आत बसवायची आणि गोल चालत फिरवायची. खालच्या व्हॉल्व्हला साडेबारा आटे, वरच्याला अकरा. हे मोठ्याने मोजायचे. मध्ये कोणी बोललं की असे खेकसायचे, की माणूस आपला मुकाट्याने वाट धरायचा. पाइपला गळती कुठे आहे हे शोधायचं असेल तर तीच चावी जमिनीला टेकवून दांड्याला कान लावायचे. डॉक्टर छातीला लावतो तसं. मी म्हणायची, "माझं बोलणं ऐकायला पण तो दांडा मध्ये लागतो का?"

काम शिकवलं ते वस्तादांनी. आता ते नाहीत. त्यांनी यांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. व्हॉल्व्ह उघडायच्या आधी शिटी मारायची. उघडताना घाई करायची नाही. आणि पाणी चालू असताना, ठरलेली वेळ संपेपर्यंत, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, मग कोणीही मरो. "का?" म्हणून यांनी विचारलं, तर वस्ताद म्हणाले, "मला माझ्या वस्तादाने सांगितलं, मी तुला सांगतोय. का ते त्यालाही माहीत नसेल." बावीस वर्षं यांनी तो नियम पाळला. आळीतल्या बायका रडल्या, पुढारी ओरडले, एकदा तर माझ्या सख्ख्या भावाने अबोला धरला. हे आपले ढिम्म.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती खालच्या आळीची. तिथे पाणी आलं की पहिल्या दोन बादल्या कोणी पिण्याला घेत नाही. लालसर येतं. त्या बादल्या फरशीला, मोरीला. मग धुण्याचं भरायचं, आणि पिण्याचे हंडे सगळ्यात शेवटी, पाणी नितळ झालं की. हे कोणी सुरू केलं कोणालाच ठाऊक नाही. आईनं मुलीला सांगितलं, मुलीनं सुनेला, एवढंच.

सकाळी व्हॉल्व्ह उघडला की यांना तासभर तिथेच बसून राहावं लागायचं. मग आमच्या आळीतले सर चहा घेऊन यायचे. कॉलेजात नीतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, एका खोलीत एकटे, चारी भिंतींना पुस्तकं. शिकवायचं थांबलं, पण बोलायचं थोडंच थांबतंय? एकदा यांनी विचारलं, "सर, चांगलं-वाईट मोजायला काही माप असतं का? पाण्याला असतं तसं?" झालं! सरांची कळीच खुलली.

सर म्हणाले, असतं. निदान काही लोक तसं मानतात, आणि त्याला उपयुक्ततावाद म्हणतात. ज्यातून सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त भलं होतं आणि दुःख कमीत कमी, ते बरोबर. मोजताना कोण मोठा, कोण हमाल, कोण आपला सख्खा, हे बघायचं नाही. प्रत्येकाचा घसा एकच घसा धरायचा. हे खूश! "म्हणजे मी बावीस वर्षं तेच करतोय की!" दुसऱ्या दिवशी आठवी नापास माणसाने शंभर पानी वही आणली. मला म्हणाले, हिला हात लावू नकोस. मी म्हटलं, "नाही लावत बाई, पाणी चालू असेल."

वहीत एकेक पान भरायला लागलं. कारण सर म्हणाले, एवढ्यावर भागत नाही, या घरात भाऊ बरेच आणि कोणाचं कोणाशी पटत नाही. थोरला म्हणतो, दर वेळी नव्याने तोलून बघ: आत्ता, या घडीला, हे केल्याने भलं जास्त की वाईट जास्त? दुसरा म्हणतो, त्या घडीला माणसाला सगळं दिसतच नाही, सोयीचं तेवढं दिसतं. तेव्हा असा नियम शोध, की सगळ्यांनी पाळला तर सगळ्यांचं भलं होईल, आणि मग तो मोडू नकोस. तिसरा म्हणतो, सुख वाढवायचं राहू दे बाजूला, ज्याला सगळ्यात जास्त दुखतंय त्याचं आधी थांबव. चौथा म्हणतो, कोणाला काय हवं ते त्यालाच विचार, तू ठरवणारा कोण? आणि एक म्हणतो, सगळी सुखं एका मापात बसत नाहीत. गाढ झोपेचं सुख हलकं, पुस्तक वाचण्याचं वरच्या दर्जाचं. "हा शेवटचा भाऊ सरांचा सख्खा दिसतोय," मी म्हटलं. यांना हसू फुटलं होतं, पण दाखवलं नाही.

एकदा यांनीच सरांना पेचात पकडलं. खालच्या आळीत पाणी आपसूक उतरतं, वर चढवायला वेळ दुप्पट. सगळं पाणी खाली सोडलं तर एकूण बादल्या जास्त भरतील. मग एकूण बघायचं, की घराला किती आल्या ते बघायचं? आणि वरच्या चौदा घरांनी काय हात चोळत बसायचं? सर चहाचा घोट घेऊन म्हणाले, "चावीवाले, यावर आमच्यात अजून भांडण चालू आहे." हे घरी आले ते छाती फुगवून. दोन दिवस तेच पुराण.

मनाने हे दुसऱ्या भावाच्या बाजूचे. नियमवाले. म्हणायचे, वस्तादच बोलायचे हे, सर फक्त पुस्तकातून बोलतात.

मग ते वर्ष आलं. तलावाचा तळ दिसायला लागला. रोजचं पाणी आधी दिवसाआड झालं, मग तिसऱ्या दिवसावर गेलं. खालच्या आळीला कसंबसं मिळायचं. आमच्याकडे जोरच नसायचा, नळ नुसता सुस्कारे टाकायचा. चौदाव्या घरात दोन वेळा पाणी पोचलंच नाही, म्हणजे सहा दिवस. सरांकडून एक बादली, शेजारून एक तांब्या, असं चाललं होतं. प्यायला पुरत होतं. पण आमच्या घरात सासूबाई होत्या.

सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. सगळं जागेवर. एरवी तोंडाने खमक्या, मला पुरून उरणाऱ्या. पण त्या सहा दिवसांत त्या बोलायच्याच बंद झाल्या. चादरी ढिगाने पडल्या होत्या, कोरड्या फडक्याने पुसून पुसून त्यांची कातडी सोलवटली होती. वासाने मला खोलीत उभं राहवत नव्हतं, आणि ते त्यांना कळत होतं. सोमवारी दुपारी हे जेवायला आले. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला धुवा रे कोणीतरी. नाहीतर बाहेर नेऊन टाका."

खालच्या आळीचा दिवस होता तो. टंचाईत पाळी दुपारवर गेली होती; दोनला व्हॉल्व्ह उघडून हे घडीभर जेवायला आले होते, पाणी सव्वातीनपर्यंत चालणार होतं. माझा संयम सुटला.

"सात मिनिटं," मी म्हटलं. "खालचा बंद करा आणि सगळं पाणी वर सोडा. सात मिनिटं फक्त! मी तीन बादल्या भरते. कोणाला कळणार पण नाही."

"चालू पाण्यात हात लावत नसतात."

"का? सांगा ना, का? तुमच्या वस्तादालाही माहीत नव्हतं! साठ घरांचं सात मिनिटांनी काय वाकडं होणार आहे? आणि ही तुमची आई आहे हो, तुमची! कोणाला सगळ्यात जास्त दुखतंय ते आधी थांबवा, असं त्या वहीत लिहिलंय ना? की ते नुसतं लिहायला?"

हे उभ्या उभ्या आईच्या पायांकडे बघत राहिले. टाचा फाटलेल्या, त्यावर माशी. मग चावी उचलून गेले.

पाणी आलं. असा जोर मी वर्षभरात पाहिला नव्हता. तीन कसल्या, मी चार बादल्या भरल्या. सासूबाईंना कोमट करून डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, कोरडं केलं, स्वच्छ चादर घातली. त्यांनी माझ्या हाताचा मुका घेतला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मी खोटं कशाला बोलू, त्या दुपारी माझ्याइतकं सुखी कोणी नव्हतं. सात मिनिटांनी नळ बंद झाला तेव्हा मी मनातल्या मनात यांच्यावरून जीव ओवाळून टाकला.

हे संध्याकाळी घरी आले ते पांढरेफटक पडून. चावी दारात टाकली आणि पायरीवरच बसले.

"काय झालं?"

"मी खालचा बंद केला ना, तेव्हा आळीतल्या पाणी ओढायच्या सगळ्या मोटारी चालूच होत्या. कोरड्या ओरडायला लागल्या. चौकापर्यंत ऐकू आलं. त्यांनी पाइप रिकामा ओढला गं. आणि रिकामा पाइप ओढतो. जिथे फट असेल तिथून, जे शेजारी असेल ते."

मला काही उमगेना. यांनी बोटाने जमिनीवर रेघ मारून दाखवली. खालच्या आळीत कपडे शिवणारी एक शिलाईवाली राहते, तिच्या घरामागे पाण्याचा पाइप गटाराच्या अगदी कडेने जातो. चावी टेकवून ऐकलं, तर तिथे गळतीचा आवाज होता. जुनीच फट असणार. पाणी बंद असताना घाण रोजच थोडी आत येत असणार, पण ती पहिल्या दोन बादल्यांतून फरशीवर जायची. म्हणून कोणाला कधी काही झालं नाही. आज यांनी परत उघडल्यावर घाण मधेच आली. दोन बादल्या सांडून झाल्यावर, धुण्याचं भरून झाल्यावर. लोक हंडे भरत होते तेव्हा.

"वस्तादांचं 'का' ते हे होतं," हे म्हणाले. "जातो मी. घरोघर सांगतो, हंडे ओता म्हणून."

आणि मी दार अडवलं.

हे सगळं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून नीट सांगते. मी विचारलं, "तुम्हाला नक्की माहीत आहे?" हे म्हणाले, नक्की नाही. मी म्हटलं, "मग? नुसत्या संशयावर साठ घरांचं पाणी ओतायला लावणार? पुढचं पाणी गुरुवारी. या उन्हात तीन दिवस साठ घरांतल्या लेकराबाळांचे घसे कोरडे! आणि निघालं काहीच नाही, तर? यात जास्तीत जास्त भलं कुठे बसतं, दाखवा मला वहीत. तुम्हाला काढून टाकतील. नवा माणूस येईल, त्याला आटे माहीत नाहीत, गळती माहीत नाही, त्यात दोन्ही आळ्या मरतील. आणि तुमच्या आईला कोण बघणार?"

काय सुरेख बोलत होते मी! सर असते तर शाबासकी दिली असती. प्रत्येक वाक्य सगळ्यांच्या भल्याचं होतं. आणि खरं सांगते, त्या साठ घरांचं मला तेव्हा काडीचंही पडलेलं नव्हतं. मला एकच भीती होती, यांची नोकरी जाईल. बाकीचं सगळं मी त्या भीतीवर घातलेलं पांघरूण होतं.

हे बसले. म्हणाले, "सकाळी बघू."

मंगळवारी सकाळी खालच्या आळीत दोन मुलं आजारी असल्याचं कळलं. जुलाब, उलट्या. मी म्हटलं, ऊन लागलं असेल, जिकडेतिकडे तेच चाललंय. यांनी वही उघडली, मिटली, परत उघडली. दुपारी जेवले नाहीत. दोनदा दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा मी नुसतं बघितलं, आणि हे मागे फिरले.

चार वाजता भिंगरी आली. शिलाईवालीची मुलगी, नऊ वर्षांची, एकुलती एक. बाप नव्हता. तिला भिंगरी म्हणायचे कारण तिचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. शाळा सुटली की दप्तरासकट आमच्याकडे, सासूबाईंच्या पलंगावर ल्यूडो मांडून बसायची. दोघी एक नंबरच्या लबाड. ही फासा बोटाने उलटवायची, त्या सोंगटी पदराखाली लपवायच्या, आणि मग अशी भांडणं जुंपायची की शेजारी ऐकत बसायचे.

त्या दिवशी तिचा डाव रंगेना. म्हणाली, "आजी, उद्या पुरा करू. पोटात दुखतंय." सासूबाई म्हणाल्या, "हरायला लागली की दुखतं हिचं." सोंगट्या तशाच पटावर ठेवून ती निघाली. मी ओट्यापाशी होते. जाता जाता मला म्हणाली, "काकू, डोकं पण गरगरतंय."

मी म्हटलं, "ऊन लागलंय. घरी जा आणि भरपूर पाणी पी."

बोलून गेले. सवयीने. मुलांना सांगतो तसं. ती उंबरा ओलांडून गेली, आणि मग माझं मला ऐकू आलं, मी काय बोलले ते. तिला हाक मारायला हवी होती. तोंड उघडलं होतं मी. पण हाक मारली असती तर पुढे काय सांगणार होते? का पिऊ नकोस म्हणणार होते? मी परत ओट्याकडे वळले आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

बुधवारी दुपारी सरांनी येऊन सांगितलं की शिलाईवालीच्या मुलीला पहाटे दवाखान्यात नेलं, शुद्धीवर नाही. हे ताडकन उठले. या वेळी मी दारात नव्हते, असते तरी थांबले नसते. पायात चप्पल नाही, रस्ता तापलेला. साठच्या साठ घरं. "हंडे ओता. पाणी पिऊ नका. चालू पाण्यात मी व्हॉल्व्ह बंद केला, मी." प्रत्येक दारात तेच, शब्दाला शब्द. कोणी शिव्या दिल्या, एकाने थोबाडीत मारली. हे पुढच्या दारात. तिथून तसेच अनवाणी ऑफिसात गेले, इंजिनियरसाहेबांना सांगितलं. साहेबांनी फोन उचलला आणि दोन तासांत टँकर आला.

दोन तासांत! मी तीन दिवसांच्या तहानेचा बाऊ केला होता. टँकर मागता येतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि यांच्या डोक्यात येईल एवढी उसंत मी यांना दिली नाही. सोमवारी संध्याकाळी मागितला असता तर सोमवारीच आला असता.

तोवर आजारी पडलेली माणसं सव्वीस होती. पंचवीस वाचली. भिंगरी शुक्रवारी सकाळी गेली.

शनिवारी पाइप खणला. बोटभर लांबीची फट, अगदी हे म्हणाले तिथेच. चौकशी झाली आणि कागदावर आलं: जुनी वाहिनी. हे साहेबांसमोर उभे राहून सांगत होते, "साहेब, मी बंद केला होता. माझं नाव लिहा." साहेब वाईट माणूस नव्हते. शांतपणे म्हणाले, "तुमचं नाव लिहून भलं कोणाचं होणार? मुलगी परत येणार नाही. तुमच्याइतकं या पाइपांचं कोणाला कळत नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून बाकीची आळी वाचली." उलट शाबासकीचं पत्र दिलं! म्हणजे साहेबांनीही मोजलंच. ते पत्र यांनी कुठे टाकलं, मला आजवर सापडलेलं नाही.

त्याच दिवशी हे वही घेऊन सरांच्या खोलीत गेले. मी यांच्या मागे, जिवाला घोर होता म्हणून. यांनी वही सरांच्या पुढ्यात ठेवली. "सर, यातला कोणता भाऊ खरा? मला फक्त एवढं सांगा. सोमवारी दुपारी मी कोणाचं ऐकायला हवं होतं?"

सरांनी वहीवर हात ठेवला. "पहिला म्हणाला असता, वर सोड. त्याला फट माहीत नव्हती. तिसरा म्हणाला असता, वर सोड, आई तुझी तडफडतेय. दुसरा म्हणाला असता, नको. पण का नको ते त्यालाही सांगता आलं नसतं."

"आणि सोमवारी संध्याकाळी?"

सर म्हणाले, "संध्याकाळी सगळ्यांनी एकच सांगितलं असतं, चावीवाले. सगळ्यांनी. जा म्हणून." आणि सरांनाच रडू फुटलं. मोठा माणूस असा रडलेला मी पाहिला नव्हता. यांनी मान खाली घातली. माझे पाय यांच्या शेजारीच होते, पण यांनी तिकडे पाहिलं नाही.

तिथून हे शिलाईवालीकडे गेले. मशीन कपड्याने झाकलेलं होतं. ती जमिनीवर बसलेली. यांनी तिला सगळं सांगितलं, आईचं, सात मिनिटांचं, मोटारींचं, फटीचं. मग म्हणाले, "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी घाबरलो. दोन दिवस गप्प बसलो."

मी घाबरलो म्हणाले. मी गप्प बसलो म्हणाले. मी दारात उभी होते, बरोबर तशीच, जशी सोमवारी दार अडवून उभी होते. माझं नाव यांनी घेतलं नाही. घरी आल्यावर मी यांच्या पायांवर कोसळले, म्हटलं, माझं का नाही सांगितलंत? हे म्हणाले, "तू दार अडवलं होतंस. खिडकीतून हाक मारता आली असती मला." त्यानंतर या विषयावर आमच्यात एक शब्द झालेला नाही. फारसे शब्दच होत नाहीत.

आता अकरा महिने झाले. तलाव भरला, पाणी रोजचं झालं. हे आटे मनातल्या मनात मोजतात, ओठ हलतात फक्त. सर चहा घेऊन येतात, हे कप हातात धरून बसतात, तो निवून जातो. पाणी सोडायच्या आधी खालच्या आळीतून एक फेरी मारतात आणि दारादारात ओरडतात, "पहिल्या दोन बादल्या सांडा!" लोकांना माहीत असतं. तरी सांडतात. यांना वाईट वाटू नये म्हणून चार-चार सांडतात. सासूबाईंना आम्ही सांगितलं, भिंगरी मामाकडे राहायला गेली. पट तसाच आहे. तिच्या सोंगटीला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "येऊ दे तिला, पुढची खेळी तिची आहे."

मी रोज स्वतःला बजावत होते, जाऊन सांगेन. उद्या सांगेन. काल शिलाईवालीने आपणहून निरोप धाडला, काकूंना म्हणावं येऊन जा. वाटलं, कळलं हिला. मग वाटलं, कळलं असेल तर बरंच, सुटेन मी.

तिचं मशीन उघडलेलं होतं. बऱ्याच महिन्यांनी कामाला बसली असावी. तिने एक गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. आत मऊ सुती घड्या होत्या, चार-चार पदरी शिवलेल्या, कडा दुमडून. एकीवर फुलं, एकीवर चौकटी. ते फ्रॉक मी ओळखले.

"आजींना अंगाखाली घालायला होतील," ती म्हणाली. "ती नेहमी सांगायची, आजीची पाठ सोलवटते म्हणून. ठेवून तरी काय करू?"

मी म्हटलं, "अगं, मला तुला..."

तिने माझा हात धरला. "नका काकू. यात तुमचा काय दोष? काका घाबरले, पुरुषमाणूस, नोकरीचा जीव. मी त्यांना काही बोलत नाही. पण एक मला रोज वाटतं. त्यांनी तुम्हाला तरी सांगायला हवं होतं. तुम्हाला कळलं असतं ना, तर तुम्ही धावत आला असता माझ्याकडे. हो ना?"

ती माझ्याकडे बघत होती. तिला तेवढं एक हवं होतं. खरं सांगितलं असतं तर तिच्याकडे उरलेलं शेवटचं माणूसही मी काढून घेतलं असतं, असं माझ्या मनाने ताबडतोब मांडून दाखवलं. तिचं भलं कशात आहे, ते. पुन्हा तेच, तितकंच सुरेख.

मी मान हलवली. हो म्हणून. आणि गाठोडं घेऊन घरी आले.